क्षमेची रंगीत तालीम

मंगळवार, ४ मार्च

दादा,

नमस्कार लिहीत नाही. तुझ्या पाया पडायला दर आठवड्याला दोनशे माणसं रांग लावतात. त्यात माझा एक कमी पडला तर तुझ्या पुण्याईला काही भोक पडणार नाही.

अकरा वर्षं तू माझ्या लाँड्रीची पायरी चढला नाहीस. तुझा प्रवचनाचा झगा मात्र दर सोमवारी न चुकता येतो आणि गुरुवारी न चुकता जातो. पलीकडच्यांच्या गुरूंचा झगाही माझ्याकडेच येतो, कारण कापडाला खळ नीट घालणारं दुकान आता एकच उरलंय, आणि कडक कॉलरीपुढे धर्मही नमतं घेतो. तीस वर्षं दोन्ही झगे धुऊन मला एवढंच ज्ञान झालं, की दोन्ही धर्मांचा मळ मानेपाशीच बसतो.

असो. काल तुझ्या समेट समितीची सचिव आली होती. मुलगी चांगली आहे, घाम पुसत पुसत बोलते. तिने तीन पानी फॉर्म काउंटरवर ठेवला. वरच छापलंय, 'क्षमा करणाऱ्याचे नाव'. त्याखाली 'क्षमा स्वीकारणाऱ्याचे नाव'. त्याखाली 'गुन्ह्याचे स्वरूप, थोडक्यात', आणि त्यासाठी दीड ओळ. ह्यांचा खून दीड ओळीत बसवायचा. समितीत कुणीतरी शिंपी असणार. कापड वाचवायची सवय जात नाही.

मी विचारलं, "हे काय गं?"

"काकू, सहा कैदी सुटणार आहेत. तीन आपले, तीन त्यांचे. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनी मंचावर येऊन क्षमा करायची, दोन्हीकडच्या गुरूंनी आशीर्वाद द्यायचा, की सरकार त्याच आठवड्यात सोडतंय. पाच जोड्या लागल्या. तुमचीच राहिलीय."

जोड्या! आम्ही मोज्यांच्या लावतो तशा.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मग त्यांचे दोन सुटणार आणि आपले तीन. ते ऐकून घेतील का? सगळंच बारगळेल, काकू."

म्हणजे सहा घरांच्या चाव्या माझ्या कमरेला लटकवून तुम्ही मोकळे. क्षमेचं वाक्य तुम्ही दोघा गुरूंनी मिळून चौदा वेळा बदललंत म्हणे. 'ईश्वर' आधी की 'करुणा' आधी, यावरून आठवा मसुदा फाडला गेला. नवी दंगल व्हायची तेवढी राहिली. पंधरा तारखेला, शनिवारी, रंगीत तालीम आहे, असंही कळलं. नऊ पावलं चालायची, त्याचा हात हातात घ्यायचा, वाक्य म्हणायचं, आणि रडू आलं तर आवरायचं नाही. हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं.

पण दादा, माझं डोकं फिरलं ते दुसऱ्या ओळीवर. 'क्षमा स्वीकारणाऱ्याचे नाव' या ओळीत तुम्ही आधीच टाइप करून ठेवलंत. आमचा रफूवाला. चौदा वर्षं आमच्या दुकानाच्या खिडकीत बसून लोकांच्या कोटांची भोकं बुजवणारा, ह्यांच्याबरोबर रोज एका डब्यातून जेवणारा, धर्माने पलीकडचा. त्याला मी क्षमा करायची. ते नाव टाइप करताना तुझी बोटं अडखळली का रे? की त्यालाही माणूस ठेवलायस?

मी सही केलेली नाही. का केलेली नाही, ते या गावात आपण दोघंच जाणतो. म्हणून हे पत्र समितीच्या पत्त्यावर न धाडता तुझ्या घरी धाडते आहे. स्वतः उघड.

तुझी बहीण


रविवार, ९ मार्च

दादा,

उत्तर मिळालं. चार पानं, त्यातली साडेतीन देवाची. उरलेल्या अर्ध्यात तू म्हणतोस, 'भूतकाळ ईश्वराच्या हाती सोपव.' भूतकाळ ईश्वराच्या हाती नाहीये, दादा. तो जेलमध्ये आहे, चार नंबरच्या बराकीत, आणि सकाळी सहाला त्याची हजेरी घेतात.

तू विसरला असशील म्हणून लिहिते. विसरलेला नाहीस हे पक्कं ठाऊक आहे, तरी लिहिते. अकरा वर्षांत हे कुणी कागदावर पाहिलेलं नाही, निदान तू एकदा पाहा.

त्या दुपारी तुझं प्रवचन भोंग्यावरून आमच्या इस्त्रीच्या टेबलापर्यंत ऐकू येत होतं. त्यात 'मारा' हा शब्द एकदाही नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तू एवढंच म्हणालास, की सहनशीलतेलाही अंत असतो. पुढचं गणित लोकांनी सोडवलं. तू फक्त फळा पुसून दिलास.

ह्यांनी शटर ओढलं. रफूवाला, त्याची बायको आणि लेक, तिघांना मागच्या वाळवणीच्या खोलीत ओल्या चादरींच्या रांगांमागे बसवलं. समोरच्या रस्त्यावर काचा फुटत होत्या. हे मला म्हणाले, "घाबरू नकोस, आपल्याला कोण हात लावतंय? आपण आपल्यातलेच." मग बाजूच्या दारावर थाप पडली. आणि तुझा आवाज आला.

"मेहुणे, उघडा. मी आहे. माझा शब्द आहे, कुणाला धक्का लागणार नाही."

दुसऱ्या कुणाच्या आवाजावर त्यांनी कडी काढली नसती. पोलिसाच्याही नाही.

तुझ्यामागे चाळीसेक जण होते. सगळे आपले. त्यातल्या निम्म्यांचे लग्नाचे कोट आमच्या टेबलावर इस्त्री झालेले. हे वाळवणीच्या दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "आत माझे पाहुणे आहेत." लोखंडी गज कुणी उगारला ते मी पाहिलं, आत्याचा धाकटा. दोन घाव. आणि तू? तू भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, प्रार्थना पुटपुटत होतास. तुझे ओठ हलत होते, दादा. मला आजही तेच दिसतं. ह्यांचं रक्त नंतर दिसतं, आधी तुझे ओठ.

गस्तीची गाडी वाजली तसे सगळे पळाले, तूही पळालास. रफूवाला चादरी फाडत बाहेर आला आणि ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला. पोलिसांना काय दिसलं? आमच्यातला एक मेलेला, पलीकडचा एक रक्ताने माखलेला, आणि बाजूला त्याची हातभर कात्री. त्यांनाही फार विचार करायचा नव्हता.

संध्याकाळी तू आलास तो माझ्या नावाचा तयार जबाब लिहिलेला कागद घेऊन. "आपलेच दात, आपलेच ओठ," म्हणालास. आपल्यांनीच आपला मारला असं बाहेर पडलं तर आपल्यात फूट पडेल, पलीकडचे डोक्यावर बसतील, आत्याचं घर उठेल. मी पेन घेतलं नाही. मग आईने माझे पाय धरले. "जावई गेला. आता माझा लेक नको गं घालवूस." तू बोट ठेवलंस तिथे मी सही केली. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. वांग्याला जन्मठेप झाली.

आणि आता त्या माणसाला मी क्षमा करायची, तीही तुझ्या आशीर्वादाने! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. चोराने घरमालकाकडून शेजाऱ्याला माफी देववावी, हे मात्र धर्मातच जमतं.

मी येईन मंचावर. बावीस तारखेला. नऊ पावलंही चालेन. पुढचं वाक्य मात्र माझं असेल, आणि त्यात तुझं नाव असेल.


गुरुवार, १३ मार्च

दादा,

तुझा माणूस दोनदा येऊन गेला. तू स्वतः येणार नाहीस हे धरूनच चालले होते. तुझ्या माहितीसाठी: मी काल जेलमध्ये जाऊन आले.

भेटीच्या खोलीत मध्ये दुहेरी जाळी आहे. माणूस वाळूच्या चाळणीतून पाहिल्यासारखा दिसतो. केस पार गेलेत त्याचे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, टाका इतका बारीक की मला आधी टाकाच ओळखू आला. शिपायांच्या वर्द्या रफू करतो म्हणे. पूर्वी मला वहिनी म्हणायचा. काल म्हणाला, "बोला, बाई."

मी सगळं सांगितलं. मंचावर खरं बोलणार आहे, तुम्ही निर्दोष आहात हे साऱ्या गावाला कळू दे. मला वाटलं, रडेल. तो हसला.

"मी निर्दोष आहे ते मला ठाऊक आहे, बाई. मला कुठे कळायचं राहिलंय?"

"पण लोकांना..."

"लोकांना कळलं की काय होईल ते मी सांगतो. चौकशी बसेल. खटला पुन्हा उभा राहील. तीन वर्षं, चार वर्षं. तोवर मी कुठे? इथेच, वर्द्यांना ठिगळं लावत. आणि माफी मिळाली तर चार दिवसांत घरी."

"तुम्ही फॉर्मवर गुन्हा कबूल केलात?"

"केला. अकरा वर्षं केला नव्हता. आमचे गुरू आले, म्हणाले, सही कर, खरं काय ते वरच्याला ठाऊक आहे. मी विचारलं, त्याला ठाऊक होतं तर अकरा वर्षं तो काय करत होता? म्हणाले, असं बोलू नये. म्हटलं बरं, नाही बोलत. पेन द्या."

बघ, दादा. दोन्ही झग्यांचं माप एकच.

मी तरीही म्हटलं, "खोट्या गुन्ह्याची माफी कशी घ्याल तुम्ही? मन कसं होईल?"

तेव्हा तो जाळीला नाक लावून, हळू आवाजात बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माझी लेक सहा वर्षांची होती, तुमच्या चादरींमागे बसली होती तेव्हा. आता सतराची आहे. भेटायला येते तेव्हा मला 'अहो' म्हणते. बापाला. शेजारच्या काकांशी बोलावं तसं. मन कसलं विचारताय? अकरा वर्षं तुम्हाला घाई नव्हती, बाई. मी फाटकापाशी पोचलो तशी तुम्हाला खरेपणाची उबळ आली. ती दाबून धरा जरा. माझं पाऊल बाहेर पडू दे. मग सोडा मोकळी. तेव्हा मात्र दाबू नका."

वेळ संपली म्हणून शिपायाने काठी आपटली. तो उठला. मागे वळून पाहिलं नाही.

घरी येईपर्यंत मी तुला शिव्या देत होते. तुला देणं सोपं आहे, सवय आहे. पण आई जाऊन सहा वर्षं झाली, दादा. त्या सहा वर्षांत माझे पाय कुणी धरले होते? कुणीच नाही. दुकान चालत होतं, गावात मान होता, 'बिचारी' म्हणून लोक वाट देत होते. मीही खिडकीतली त्याची खुर्ची हलवून तिथे फुलझाडाची कुंडी ठेवली. हे तुझ्या प्रवचनात घालू नकोस. हे तुझ्यासाठी नाही लिहिलेलं.

सचिवबाईंना कळव, फॉर्मवर सही केली आहे. शनिवारी तालमीला येते.


रविवार, २३ मार्च

दादा,

कालचा सोहळा झकास झाला म्हणतात. मी मंचावर होते, त्यामुळे मला नीट दिसला नाही.

दोघांचे झगे मी परवा स्वतः कडक केले होते. ते फळीसारखे उभे राहत होते. आत माणूस नसता तरी कार्यक्रम पार पडला असता. तू आणि त्यांचे गुरू गळ्यात गळा घालून भेटलात. फोटोवाला म्हणाला, "पुन्हा एकदा, गुरुजी, डोळे उघडे ठेवून." तुम्ही पुन्हा भेटलात. लोक दुसऱ्यांदाही रडले.

मग माझी नऊ पावलं. तालमीत आठच भरली होती, म्हणून त्या मुलीने खडूने खूण केली होती. रफूवाल्याला नवा सदरा दिला होता, घडीच्या रेघा तशाच, कुणी इस्त्री केली नव्हती. माझ्या हाताला ते सहन होईना. त्याचा हात हातात घेतला. वाक्य म्हटलं. 'ईश्वराच्या करुणेला स्मरून, माझ्या पतीच्या हत्येबद्दल मी यांना क्षमा करते.' एक शब्द चुकले नाही. त्याने मान खाली घालायची होती, घातली. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत आत्याचा धाकटा बसला होता, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. छान सुटलंय पोट त्याचं.

उतरताना रफूवाला कानाशी म्हणाला, "पायरी आहे, बाई. जपून." वहिनी नाही म्हणाला. बाईच.

खाली पलीकडची एक म्हातारी माझ्यापाशी आली. तिचा मुलगा आपल्यांनी मारला. तिनेही काल क्षमा केली, मारणाऱ्यालाच केली, खऱ्याखुऱ्याला. तिने माझा गाल कुरवाळला. "तुझं काळीज मोठं आहे हो, लेकी," म्हणाली. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना, ते खोटं आहे. धरणी अशा वेळी बघत बसते.

सगळं झाल्यावर तू आलास. अकरा वर्षांनी मला जवळ घेतलंस. तुझे खांदे खरंच थरथरत होते, ते मी कबूल करते. आणि तू माझ्या कानात म्हणालास, "सुटलो गं."

मी कालपासून विचार करते आहे. सुटायचे सहा होते. यादीत तुझं नाव कुठे होतं?


शुक्रवार, २८ मार्च

दादा,

रफूवाला बुधवारी सकाळी सव्वादहाला फाटकाबाहेर पडला. मी समोरच्या बाजूला उभी होते. त्याची बायको आणि लेक त्याला घेऊन गेल्या. लेकीने पिशवी घेतली, हात नाही धरला. धरेल कधीतरी.

त्याआधीच वकिलाला विचारून ठेवलं होतं. माफीवर सुटलेला माणूस पुन्हा आत जात नाही. फिर्यादीने जबाब बदलला तर तो फार तर निर्दोष ठरेल. तेवढं पक्कं झाल्यावर तुला निरोप धाडला, की शुक्रवारी मी न्यायाधीशांपुढे जबाब देणार आहे, बरोबर ये. सांगितल्याशिवाय करायचं नव्हतं. आपल्या घरात पाठीमागून पुष्कळ झालंय.

तू आला नाहीस. तुझी चिठ्ठी आली. तू लिहितोस, की यामुळे शांतता मोडेल, रक्त सांडेल, आणि ते माझ्या माथी असेल. मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. काल दुकानाच्या काचेला आतून फळ्या ठोकून घेतल्या. पण ओल्या कपड्याची घडी घालून तू कपाटात ठेवलीस, दादा. घडी सुरेख दिसते. म्हणून कापड वाळत नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य नाही गिळवलं. 'तू भावनेच्या भरात हे करते आहेस, तरीही मी तुला क्षमा करतो.'

तू मला क्षमा करतोस!

तीनदा वाचलं. मग एवढ्या मोठ्याने हसले, की इस्त्रीवाल्या बाया धावत आल्या. अरे, क्षमा ही काय तुझ्या घरची विहीर आहे, की दिसेल त्याला पोहरा भरून द्यावा? आयुष्यभर वाटत आलास. जन्मात एकदा तरी कुणाकडे मागितलीस का? नुसतं त्या बाईच्या दारात जाऊन उभा राहा, जिचा नवरा तुझ्या शब्दावर अकरा वर्षं आत बसला. मी काल जाऊन आले. तिने दार उघडलं, माझं सगळं उभ्या उभ्या ऐकलं, आणि म्हणाली, "झालं सांगून? आता जा." मी गेले. तिने माफ केलं नाही. मी तसं म्हटलंही नाही तिला, कर म्हणून. पण दादा, ते चार शब्द तुमच्या चौदा मसुद्यांपेक्षा जास्त खरे होते. परतताना मला पहिल्यांदा श्वास पुरला.

सोमवारी साडेदहाला तुला बोलावणं आहे. आत्याच्या धाकट्यालाही. खोट्या साक्षीबद्दल मलाही. शिक्षा काय व्हायची ती होईल. दुकान बाया चालवतील, त्यांना खळ जमते आता. तुझा सध्याचा झगा धुऊन तयार आहे, तो उद्या पोचता होईल. यापुढे दुसरीकडे टाक.

आज कोर्टात काय झालं तेही कळवते, म्हणजे वर्तमानपत्रातून कळायला नको. कारकून पोक्त होता, न बघता लिहीत होता. नाव, वय, धंदा. मग विचारलं, "मारणारे कोणत्या बाजूचे?"

"आमच्या."

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "पलीकडच्या, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही. आमच्या."

"नीट आठवा, बाई."

"अकरा वर्षं दुसरं काय केलं?"

त्याने लिहिलं. अक्षर बरं होतं. मग खालच्या आवाजात विचारलं, "आणि दार उघडा म्हणून कुणी सांगितलं?"

मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण. त्याचं पेन थांबलं. तो तुझ्याच रांगेतला असणार. त्याच्या गळ्यात तुझ्याच हातचा दोरा होता.

"नातं?" त्याने विचारलं.

"भाऊ."

"चुलत? मानलेला?"

"सख्खा," म्हटलं. "तसंच लिहा."